स्कायरिम: डिफिकल्टी वाढवली की शत्रू मरत नाहीत, कमी केली की मजा जाते. नेमकं काय तपासायचं?

स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. अडेप्ट या मधल्या टप्प्यावर सगळं फार सोपं वाटायला लागलं म्हणून डिफिकल्टी, म्हणजे खेळ किती कठीण ते ठरवणारी सेटिंग, मास्टर या कठीण टप्प्यावर नेली, तर साधा डाकूसुद्धा घावांवर घाव घालूनही पडत नाही आणि त्याच्या दोन फटक्यांत आपण आडवे. परत अडेप्टवर आणली की तोच डाकू चुटकीसरशी गार. मग पुन्हा मास्टर, पुन्हा अडेप्ट. दुसरी तक्रार याहून जास्त छळणारी: सेटिंगला हातही लावलेला नाही, आठवडाभर खेळ छान चालला होता, आणि अचानक एका गुहेत प्रत्येक जण डोक्यावर बसायला लागला. या खालीवर करण्याला वैतागून कित्येक जण खेळ अर्धवट सोडतात. इतका मोठा, इतका जीव लावून घडवलेला खेळ एवढ्याशा कारणानं सुटावा याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या सेटिंगपासूनच करू, कारण ती काय करते याबद्दल बराच गैरसमज आहे. सेटिंग्जमध्ये गेमप्ले उघडलं की डिफिकल्टीचे सहा टप्पे दिसतात: नॉव्हिस, अप्रेंटिस, अडेप्ट, एक्स्पर्ट, मास्टर आणि लेजंडरी. २०११ साली खेळ आला तेव्हा पहिले पाचच होते. लेजंडरी २०१३ च्या १.९ पॅचबरोबर आली. अनेकांना वाटतं की टप्पा वाढवला की शत्रू जास्त हुशार होतात, जास्त संख्येनं येतात, त्यांची हेल्थ वाढते. यातलं काहीही होत नाही. फक्त दोन आकडे बदलतात: तुम्ही केलेली इजा कितीनं गुणायची आणि तुम्हाला झालेली इजा कितीनं गुणायची.

अडेप्टवर दोन्ही आकडे १. अप्रेंटिसवर तुमचा मार दीडपट, तुम्हाला लागतं ०.७५ पट. नॉव्हिसवर तुमचा मार दुप्पट, तुम्हाला लागतं निम्मं. वरच्या बाजूला एक्स्पर्टवर तुमचा मार ०.७५ पट आणि तुम्हाला लागतं दीडपट. मास्टरवर तुमचा निम्मा, शत्रूचा दुप्पट. लेजंडरीवर तुमचा मार चतुर्थांश आणि शत्रूचा तिप्पट.

आता हे एका लढाईत घालून बघा. तुमच्या तलवारीचा मार २० आहे, समोरच्याची हेल्थ ४०० आणि तुमची १५०, त्याच्या एका फटक्यानं तुमची ३० हेल्थ जाते. अडेप्टवर तुम्हाला २० घाव लागतात, तो तुम्हाला ५ फटक्यांत मारतो. एक्स्पर्टवर २७ घाव आणि ४ फटके. मास्टरवर ४० घाव आणि ३ फटके. लेजंडरीवर ८० घाव, आणि दुसऱ्या फटक्याला तुमचा खेळ खलास. दोन्ही आकडे एकत्र धरले तर अडेप्टच्या तुलनेत एक्स्पर्ट दुप्पट कठीण, मास्टर चौपट, आणि लेजंडरी थेट बारा पट. म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट आणि शेवटची तिप्पट. सेटिंगच्या पट्टीवर या पायऱ्या सारख्या अंतरावर दिसतात, त्यामुळे ‘एकच घर पुढे गेलो’ असं वाटतं. अडेप्टवरून थेट मास्टरवर उडी मारणाऱ्याला भिंतीवर आदळल्यासारखं का होतं, ते यातून कळेल.

यातूनच मूळ अडचणही दिसते. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत, एकाला हलवलं की दुसरा हलतोच. तुमचं दुखणं त्यातल्या एकाच बाजूचं असेल, तर सेटिंग बदलून ते बरं होणार नाही, उलट चांगली असलेली बाजू बिघडेल. आणि दुखणं तिसऱ्याच ठिकाणी असेल, म्हणजे तुमच्या लेव्हलमध्ये, तर सेटिंग बदलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. त्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी तीन प्रश्न: माझा मार कमी पडतोय, मला जास्त लागतंय, की माझी लेव्हल माझ्या लढण्याच्या ताकदीच्या पुढे पळालीय?

त्याआधी दोन-चार फुटकळ गोष्टी पटकन बघून घ्या. त्या ‘अचानक अवघड झालं’ या तक्रारीमागे वारंवार निघतात आणि दोन मिनिटांत निकालात निघतात. मॅजिकच्या मेनूत अगदी खाली ‘अ‍ॅक्टिव्ह इफेक्ट्स’ असतं, ते उघडा. तिथे रॉकजॉइंट दिसतोय का? लांडगे चावल्यानं हा रोग लागतो आणि हातातल्या शस्त्राचा मार पंचवीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे अडेप्टवर बसून तुम्ही मारण्यापुरते एक्स्पर्टवर खेळताय, आणि लागलं तेव्हा कोपऱ्यात एक ओळ येऊन गेली ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. कुठल्याही देवळातल्या वेदीवर प्रार्थना केली की रोग जातो, किंवा रोगनाशक औषध प्या. दुसरं, शस्त्रावर जादू असेल तर तिचं चार्ज संपलंय का ते बघा. आगीची तलवार रिकामी झाली की नुसती तलवार उरते. एखादं भरलेलं सोल जेम, म्हणजे जादूची शक्ती साठवणारा खडा, वापरून ती पुन्हा भरा. तिसरं, तुमच्याकडे अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन असेल तर सर्व्हायव्हल मोड चालू तर नाही ना? तो डिफिकल्टीपासून वेगळा आहे. त्यात हेल्थ आपोआप भरत नाही, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या जागी जाणं) बंद असतं, आणि थंडी वाजायला लागली की तुमची कमाल हेल्थच कमी होते. बर्फात हिंडून आल्यावर हेल्थच्या पट्टीचा एक तुकडा भरतच नसेल तर शत्रूंना दोष देण्यात अर्थ नाही, शेकोटीपाशी जाऊन उभं राहा आणि गरम सूप प्या.

हे सगळं ठीक असेल तर आता लेव्हल. माझ्या मते निम्म्याहून जास्त दुखणी इथलीच असतात, आणि नेमका याच गोष्टीचा खेळ कुठे खुलासा करत नाही.

स्कायरिममध्ये कुठलंही स्किल वाढलं की तुमची लेव्हल पुढे सरकते. तलवारबाजी वाढली काय किंवा दुकानदाराशी घासाघीस करून स्पीच वाढलं काय, खेळाला दोन्ही सारखंच. स्किल ज्या आकड्यावर पोहोचतं तेवढे गुण मिळतात, म्हणजे ४९ वरून ५० झालं की ५० गुण. पुढच्या लेव्हलसाठी लागणारे गुण असे: ७५ अधिक सध्याच्या लेव्हलची २५ पट. लेव्हल १ वरून २ ला १०० गुण, १० वरून ११ ला ३२५. आता समजा एखाद्यानं लॉकपिकिंग आणि स्पीच ही दोनच स्किलं १५ वरून ५० वर नेली. प्रत्येकाचे १,१५५, दोन्हीचे मिळून २,३१० गुण. नुसत्या तेवढ्यावर तो लेव्हल १ वरून लेव्हल ११ वर पोहोचतो, आणि त्या सगळ्या काळात त्यानं एकदाही तलवार उपसलेली नसेल तरी चालतं.

आणि शत्रू बघतात ती तुमची लेव्हल. तुमच्या कुलुपं उघडण्याशी त्यांना देणंघेणं नाही. ड्रॉगरचं, म्हणजे थडग्यांमधून उठणाऱ्या मुडद्यांचं, उदाहरण घ्या. साधा ड्रॉगर लेव्हल १ चा, रेस्टलेस ड्रॉगर ६ चा, वाइट १३ चा, स्कर्ज २१ चा आणि डेथलॉर्ड ३० चा. तुम्ही चढत जाल तसतसे थडग्यांमधून वरच्या जातीचे ड्रॉगर उठायला लागतात. हा बदल हळूहळू होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होतो. म्हणूनच कालपर्यंत ठीक होतं आणि आज अचानक बिघडलं असं वाटतं: मध्ये तुम्ही एक पायरी ओलांडलेली असते.

डेथलॉर्डनं ओरडून तुमच्या हातातलं शस्त्र उडवलं की हे प्रकर्षानं जाणवतं. तेव्हा डिफिकल्टी कमी केली तर ती लढाई निघून जाईल, पण पुढच्या थडग्यात पुन्हा तोच प्रकार.

उपाय असा की लेव्हल मागे घेता येत नाही, पण लढण्याचं स्किल तिच्या बरोबरीला आणता येतं, आणि ते वाटतं तितकं कंटाळवाणं नाही. प्रत्येक लेव्हलला पाच वेळा शिकवणी घेता येते, आणि लॉकपिकिंग व स्पीचच्या नादी लागलेल्याच्या खिशात पैसा असतोच. व्हाइटरन शहरात कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या गटात दाखल झालात की एकाच छपराखाली गुरुजनांची फौज मिळते: अथिस एका हाताची शस्त्रं शिकवतो, विल्कास दोन हातांची, एला धनुष्य, फार्कास जड चिलखत, न्याडा ढाल. दर लेव्हलला पाचही शिकवण्या एकाच स्किलवर घाला. पाच ठिकाणी एकेक वाटू नका, कारण लढाईत उपयोगी पडतात ते वरच्या आकड्यांवरचे पर्क, म्हणजे लेव्हल चढल्यावर स्किलमध्ये निवडता येणारे खास फायदे. जमवून ठेवलेले पर्क असतील तर ते आधी त्या शस्त्राच्या मारावर खर्चा. मग डिफिकल्टी एक पायरी, फक्त एक, खाली आणा, स्किल बरोबरीला आलं की परत वर न्या. खेळाला या बदलाचं काही वावगं वाटत नाही: लढाईच्या मध्येही सेटिंग बदलता येतं, ते लगेच लागू होतं, आणि कुठलंही अचिव्हमेंट त्यावर अवलंबून नाही. ‘खाली आणली म्हणजे हरलो’ ही भावना मनातून काढून टाका. हे खेळाचंच दिलेलं साधन आहे.

अजून एक, गुहेची लेव्हल तुम्ही तिच्यात पहिल्यांदा पाय ठेवता तेव्हा ठरते. प्रत्येक जागेची आपली एक किमान आणि कमाल मर्यादा असते. काही जागांची किमान मर्यादाच तुमच्या वर असते, तिथे सेटिंग बदलत बसण्यापेक्षा बाहेर पडावं, चार लेव्हल चढाव्यात आणि परत यावं. तोवर ती जागा तिथल्या तिथे थांबलेली असते आणि तुम्ही पुढे गेलेले असता. आणि फिरायला निघालात म्हणून वाटेत राक्षसांच्या शेकोटीपाशी गेलात तर तो डिफिकल्टीचा दोष धरू नका. मॅमथ राखणारे ते जायंट सुरुवातीच्या कोणालाही झेपत नाहीत, ते तसेच ठेवलेले आहेत.

सात हजार पायऱ्यांवरचा फ्रॉस्ट ट्रोल हा याच जातीचा प्रश्न, आणि त्याच्याबद्दल इतकं विचारलं जातं की जरा थांबून सांगतो. मुख्य कथा तुम्हाला खूप लवकर हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या मठात पाठवते. वाटेत, अरुंद कड्याच्या बाजूला, तो पांढरा ट्रोल उडी मारून समोर येतो. तो लेव्हल २२ चा आणि तुम्ही बहुतेक वेळा सहा-सातवर. शिवाय ट्रोलच्या जखमा लढता लढता भरत जातात. म्हणजे तुमचा मार कमी असेल तर तुम्ही केलेलं नुकसान तो डोळ्यांदेखत भरून काढतो, आणि डिफिकल्टी वाढवलेली असेल तर हे जास्तच होतं. इथे नॉव्हिसवर जाण्याचा मोह होतो. त्याऐवजी आग वापरा. फ्रॉस्ट ट्रोलला आगीनं दीडपट लागतं, आणि फ्लेम्स हा आगीचा मंत्र जादूचं स्किल नसलेल्यासुद्धा प्रत्येक पात्राकडे पहिल्या क्षणापासून असतो. डाव्या हातात फ्लेम्स, उजव्या हातात तलवार, मॅजिका (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) संपली की मागे सरा. एकट्यानं जाऊ नका. व्हाइटरनच्या पहिल्या ड्रॅगननंतर थेन हा मानाचा किताब मिळाला की लिडिया ही सोबतीण मिळते, तिला पुढे उभी करा. आणि तेही जमत नसेल तर सरळ त्याच्या बाजूनं पळत वर जा आणि मठाचं दार गाठा. त्या ट्रोलला मारणं कुठल्याही कामात लागत नाही.

लिडियाचा विषय निघालाच आहे तर: सोबती आणि जादूनं बोलावलेले प्राणी यांच्या मारावर तुमच्या डिफिकल्टीची कात्री चालत नाही. लेजंडरीवर तुमची तलवार चतुर्थांश होते, पण लिडियाची तलवार पूर्ण लागते. त्यामुळे वरच्या टप्प्यांवर सोबती घेऊन किंवा कंज्युरेशन (प्राणी बोलावण्याची जादू) करून खेळणाऱ्याचा खेळ इतरांपेक्षा खूप हलका होतो. ‘मित्र लेजंडरीवर सहज खेळतो, मला मास्टरही जमत नाही’ याचं कारण बहुधा हेच असतं. तुमच्या हाताला दोष देऊ नका, त्याच्या शेजारी कोण उभं असतं ते विचारा.

मग आपल्याला कोणता टप्पा? हे पात्र कसं लढतं त्यावर ठरवा.

चोरून मारणाऱ्याला वरचा टप्पा परवडतो, त्यातही खंजिरवाल्याला फारच. मागून नकळत केलेला एका हाताच्या शस्त्राचा घाव तिप्पट लागतो, बॅकस्टॅब पर्क घेतला की सहापट, आणि असॅसिन्स ब्लेड असेल तर खंजिराचा पंधरापट. लेजंडरीनं चतुर्थांश केला तरी पावणेचार पट उरतो. धनुष्याचा चोरटा बाण दुप्पट, डेडली एम पर्कनं तिप्पट. लेजंडरीवर त्याचं ०.७५ होतं, म्हणजे चोरटा बाणही अडेप्टवरच्या साध्या बाणाइतका लागत नाही. धनुर्धारी असाल आणि मास्टरवर सगळं रटाळ वाटत असेल तर एक्स्पर्टवर बसा, काही बिघडत नाही.

चिलखत घालून समोरासमोर लढणाऱ्याचं गणित वेगळं. चिलखतामुळे होणारी घट ऐंशी टक्क्यांवर थांबते. तिथपर्यंत पोहोचलात की लेजंडरीवरही तुम्हाला मूळ फटक्याच्या ०.६ पटच लागतं. म्हणून अशा पात्राचं दुखणं बहुतेक ‘लागतं’चं नसतं, ‘मारलं जात नाही’चं असतं, आणि त्याचा इलाज लोहाराच्या सहाणेवर आहे. शस्त्र घासून घ्या, स्मिथिंगचे पर्क घ्या, शस्त्राचा मार दुप्पट झाला की मास्टरवर अडेप्टइतका मार मिळतो. मात्र चिलखत जादू अडवत नाही. चिलखती वीर जादूगारांसमोर आणि ड्रॅगनच्या श्वासासमोर पटापट पडत असेल तर जादूरोधक घ्या: लॉर्ड स्टोन या जादूच्या शिळेचा पंचवीस टक्के, ऑल्टरेशन या जादूच्या स्किलच्या पर्कमधला तीस टक्क्यांपर्यंत, रिफ्टन शहरात मारा देवीच्या देवळातल्या प्रेमाच्या कामगिरीनंतर मिळणारा पंधरा टक्के. ब्रेटन वंशाच्या पात्रांना पंचवीस जन्मतःच असतो. एवढं केल्यावर सेटिंगकडे बघायची वेळच येत नाही.

सगळ्यात जास्त हाल मॅजिकावाल्यांचे होतात, आणि त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण तो दोष त्यांचा नसतोच. डिस्ट्रक्शनच्या, म्हणजे इजा करणाऱ्या जादूच्या, मंत्रांचा मार ठरलेला असतो: फायरबोल्ट २५, फायरबॉल ४०, इन्सिनरेट ६०. स्किल वाढलं तरी तो वाढत नाही, फक्त मॅजिका कमी लागते. डिस्ट्रक्शनचं एन्चांटमेंटही (कपड्या-दागिन्यांवर चढवलेली जादू) खर्चच कमी करतं. ऑगमेंटेड फ्लेम्सचे दोन्ही पर्क घेऊन इन्सिनरेट ९० होतं, आणि लेजंडरीवर साडेबावीस. तलवारवाल्याचं शस्त्र सहाणेवर वाढत जातं, मांत्रिकाचं वाढत नाही. त्यामुळे शुद्ध मांत्रिकानं अडेप्ट किंवा एक्स्पर्टवर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. तरी वर जायचंच असेल तर इम्पॅक्ट पर्क घ्या, तो डिस्ट्रक्शन ४० ला मिळतो: दोन्ही हातांनी एकत्र टाकलेला मंत्र शत्रूला गडबडवतो आणि तो घाव घालूच शकत नाही. गडबडवण्यावर डिफिकल्टीचा परिणाम होत नाही. जोडीला एखादा अ‍ॅट्रोनॅक, म्हणजे जादूनं बोलावता येणारा प्राणी, बोलावलात, तर त्याचा मारही पूर्ण लागतो. अल्केमी येत असेल तर डिस्ट्रक्शन वाढवणारं औषध लढाईआधी प्या. एन्चांटमेंटच्या उलट, ते मार खरंच वाढवतं.

आणि मंत्र कोणावर कोणता, तेही तपासा. ड्रॉगरवर बर्फाचे मंत्र अर्धेच लागतात आणि विष तर लागतच नाही. थडग्यांमध्ये बर्फाचा मांत्रिक घेऊन गेलात आणि सेटिंगला शिव्या घातल्यात तर तो सेटिंगवर अन्याय आहे. तिथे आग किंवा वीज.

शेवटी ज्यांना शत्रूही जोरात मारणारे हवेत आणि स्वतःचा मारही पूर्ण हवा, त्यांच्यासाठी. मूळ खेळात असा टप्पा नाही, कारण ते दोन आकडे बांधलेले आहेत. पीसीवर मात्र दोन्ही आकडे वेगवेगळे ठरवू देणारे मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोड-फाइल्स, मिळतात. तुमचा मार १ ठेवा, शत्रूचा दोन किंवा अडीच करा. लढाया छोट्या होतात, चूक केली की महागात पडते, आणि कोणीही ऐंशी घाव खात उभं राहत नाही. मॉड टाकण्याआधी जुना सेव्ह वेगळा ठेवा, आणि मग सेटिंगच्या पट्टीला हात लावू नका. काही मॉड विशिष्ट टप्प्याचेच आकडे बदलतात, दुसऱ्या टप्प्यावर गेलात तर जुने आकडे परत लागू होतात आणि तुम्ही पुन्हा शोधत बसाल की अचानक काय बिघडलं.